पडद्यावरून गुलामगिरीचा इतिहास: सहा रविवार, एक नकाशा आणि तीन रकान्यांची वही

गुलामगिरीवरचा एखादा चांगला चित्रपट बघून उठलेल्या माणसाला विचारा, हे घडलं कुठल्या साली, शेतात पीक कुठलं होतं, त्या माणसाची किंमत किती लागली होती? बहुतेकांना सांगता येत नाही. चाबूक मात्र लख्ख आठवत असतो. कॅमेरा चेहऱ्यावर असतो, चोपडीवर नसतो, म्हणून असं होतं. आणि अटलांटिकपलीकडची गुलामगिरी तर पहिल्यापासून शेवटपर्यंत चोपडीतला व्यवहार होती. जहाजावर किती चढले, किती उतरले, कोण किती डॉलरला गेला, दिवसाला कुणी किती कापूस वेचला, सगळं कुणीतरी लिहून ठेवत होतं.

दुसरी अडचण अशी की चित्रपट निघतो तो बहुधा सुटलेल्या माणसावर. तो सुटला, त्याने सांगितलं, म्हणून गोष्ट उरली. जे मळ्यातच मेले त्यांचं नाव मालकाच्या यादीत असलं तर असलं. या दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे: दर चित्रपटाला त्या काळचा एक कागद जोडायचा. खालचा सगळा क्रम त्यावर बेतलेला आहे.

आधी सामान जमवा

दोनशे पानी वही घ्या आणि समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून तीन रकाने आखा: ‘दिसलं’, ‘तपासलं’, ‘गायब’. पहिल्यात पडद्यावरची ठोस गोष्ट लिहायची: साल, गाव, आकडा, किंमत, कायदा, काम. रडू आलं हे लिहायची गरज नाही, ते लक्षात राहतंच. दुसऱ्यात तीच गोष्ट कागदपत्रांत कशी सापडली ते. तिसऱ्यात त्या काळी नक्की होतं पण पडद्यावर आलं नाही असं काहीतरी. पहिल्या दोन चित्रपटांना हा तिसरा रकाना जवळजवळ कोरा राहतो, त्याने खट्टू होऊ नका. पुढे तोच आधी भरायला लागतो.

नकाशा असा हवा की आफ्रिकेचा पश्चिम किनारा, ब्राझील, क्युबा आणि लुइझियाना एका नजरेत यावेत. मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावा आणि दर चित्रपटानंतर त्यातला प्रवास पेन्सिलीने ओढा.

कागद शोधायला पाच फुकट ठिकाणं पुरतात, सगळी इंग्रजीत. ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ या संकेतस्थळावर अटलांटिक पार केलेल्या ३६,००० हून अधिक गुलाम-जहाजांच्या फेऱ्या नोंदलेल्या आहेत. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या ‘डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ’वर गुलामीतून सुटलेल्यांची आत्मकथनं पूर्ण वाचायला मिळतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या ‘लेगसीज ऑफ ब्रिटिश स्लेव्हरी’वर कुठल्या मालकाला किती भरपाई मिळाली ते नावानिशी दिसतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘फ्रीडम ऑन द मूव्ह’वर पळालेल्या माणसांना धरून देण्यासाठी मालकांनी वर्तमानपत्रांत दिलेल्या जाहिराती आहेत. पाचवं, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या मुलाखती: १९३६ ते १९३८ मध्ये गुलामी भोगलेल्या वृद्धांच्या घेतलेल्या २,३०० हून अधिक. या मुलाखती जपून वाचा. सांगणारे बहुतेक जण गुलामी संपली तेव्हा लहान मुलं होते, विचारणारे बहुतेक गोरे, आणि गाव तेच. ‘मालक भला होता’ हे वाक्य तिथे वारंवार भेटतं. ते कुणासमोर बोललं गेलं ते आधी बघायचं.

पहिला चित्रपट लावण्यापूर्वी हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. साडेतीन शतकांत आफ्रिकेतून सुमारे १ कोटी २५ लाख माणसं अटलांटिकच्या जहाजांवर चढवली गेली, सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. त्यातली ब्राझीलमध्ये ४८ लाखांच्या वर. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर आफ्रिकेतून थेट आली ती जेमतेम ३ लाख ८८ हजार. चित्रपटांचं प्रमाण नेमकं उलटं आहे, कारण पैसा हॉलिवूडकडे. हा आकडा समोर नसला की सहा आठवड्यांनीसुद्धा ‘गुलामगिरी म्हणजे अमेरिका आणि कापूस’ हेच डोक्यात पक्कं होतं.

रविवार कसा घालवायचा

आठवड्याला एकच चित्रपट. दोन जड चित्रपट लागोपाठ पाहिले की दुसऱ्यात मन बधिर होतं आणि मारहाणीचे प्रसंग नुसते ‘अजून एक’ वाटू लागतात.

आदल्या दिवशी अर्धा तास: चित्रपटाचं साल आणि गोष्टीचं साल, दोन्ही लिहा. जागा नकाशावर शोधा. दोन सालांमधलं अंतर महत्त्वाचं असतं, ते का हे सहाव्या रविवारी कळेल.

बघताना इंग्रजी सबटायटल चालू ठेवा. एकोणिसाव्या शतकातली जुन्या वळणाची इंग्रजी आणि दक्षिणेकडचे उच्चार कानाला पटकन कळत नाहीत. फोन लांब. वहीत फक्त एखादा शब्द आणि घड्याळातली वेळ टिपा, वाक्यं लिहीत बसू नका.

संपल्यावर पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही, पहिला रकाना भरायचा. लगेच चर्चा सुरू केली की जो मोठ्याने बोलतो त्याचा चित्रपट सगळ्यांच्या वहीत जातो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी तासभर कागद वाचून दुसरा रकाना भरायचा.

मंडळ आठ-दहा जणांपेक्षा मोठं नको. बलात्कार, लिलाव, फटक्यांचे प्रसंग येतात हे आधी सांगा आणि उठून जायची मुभा ठेवा. सोळा वर्षांखालच्या मुलांना यातले बहुतेक चित्रपट दाखवू नयेत. घरी बघणं वेगळं आणि वाचनालयात सार्वजनिक कार्यक्रम ठेवणं वेगळं: कार्यक्रमासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. शाळा-महाविद्यालयात प्रेक्षक फक्त विद्यार्थी, पालक आणि कर्मचारी असतील तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सूट देतं. ओटीटीचं घरगुती खातं सभागृहात लावणं मात्र त्या कंपनीच्या अटींत सहसा बसत नाही. कुठला चित्रपट कुठल्या ओटीटीवर आहे हे महिन्यागणिक बदलतं, तेव्हा सहाही आधी शोधून ठेवा आणि मगच पहिला लावा.

पहिला रविवार: ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ (२०१३), १३४ मिनिटं

सुरुवात इथूनच करा, कारण चित्रपट ज्यावर बेतला आहे ते पुस्तक फुकट मिळतं आणि दोन्ही शेजारी ठेवून तपासायची सवय लागते. सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र कृष्णवर्णीय, व्हायोलिन वाजवणारा. १८४१ मध्ये त्याला फसवून वॉशिंग्टनला नेलं, तिथे पळवून विकलं. जानेवारी १८५३ मध्ये तो सुटला आणि त्याच वर्षी पुस्तक आलं. त्याने सांगितलं आणि डेव्हिड विल्सन नावाच्या गोऱ्या वकिलाने लिहिलं, हेही वहीत हवं.

पहिलं काम जहाजावरच्या प्रसंगावर. चित्रपटात एका गुलाम बाईच्या अंगावर खलाशी जातो, रॉबर्ट नावाचा गुलाम आडवा येतो आणि खलाशी त्याला भोसकतो. पुस्तकात रॉबर्ट जहाजावर देवीच्या रोगाने मरतो. नुसता फरक टिपून थांबू नका, हिशेब घाला. तो माणूस न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात शेकडो डॉलरना जाणारा माल होता. खलाशाने तो उगाच मारला तर मालधनी भरपाई कुणाकडून वसूल करणार? क्रौर्याला तिथे सीमा नव्हती, पण नुकसानीला होती. दिग्दर्शकाला दहशत दाखवायची होती, आणि त्या नादात धंद्याचं तर्कशास्त्र निसटलं.

याच जहाजाची, ‘ऑर्लिन्स’ची, १८४१ ची माल-यादी अमेरिकेच्या सरकारी दप्तरात टिकून आहे. किनाऱ्या-किनाऱ्याने गुलाम नेताना अशी यादी देणं कायद्याने बंधनकारक होतं: नाव, लिंग, वय, उंची, वर्ण. नॉर्थप तिच्यात ‘प्लॅट’ या लादलेल्या नावाने आहे. आफ्रिकेतून माणसं आणायला अमेरिकेत १८०८ पासून बंदी होती. देशातल्या देशात विक्री चालूच राहिली आणि पुढच्या काही दशकांत सुमारे दहा लाख माणसं व्हर्जिनिया-मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून खालच्या कापसाच्या पट्ट्यात नेली गेली. नॉर्थपचा प्रवास त्याच ओघातला. नकाशावर रिचमंड ते न्यू ऑर्लिन्स रेघ ओढा.

मग लिलावाचा प्रसंग. पुस्तकात सौदा ठरला ते भाव आहेत: नॉर्थप १,००० डॉलर, हॅरी ९००, एलायझा ७००. पहिल्या रकान्यात किंमत, दुसऱ्यात पुस्तकातला आकडा. एलायझाच्या लहान मुलीला दलाल आईबरोबर विकायला नकार देतो. का, ते चित्रपटातही कळतं, पुस्तकात अधिक स्पष्ट आहे: ती सुंदर होती, काही वर्षांनी तिचे कितीतरी पट पैसे येणार होते. मूल आईच्या स्थितीला जातं, म्हणजे आई गुलाम तर मूल गुलाम, हा नियम व्हर्जिनियाने १६६२ मध्ये कायद्यात आणला. बाप कोण, मालक का असेना, त्याने फरक पडत नव्हता.

सगळ्यात जास्त वेळ संध्याकाळच्या वजनकाट्याला द्या. टोपल्या काट्यावर चढतात, आकडा मोठ्याने वाचला जातो, कमी भरलेल्यांना बाजूला काढून फटके. पॅट्सी नावाची मुलगी सगळ्या पुरुषांच्या पुढे असते. पुस्तकात पद्धत अशी सांगितली आहे: नवीन माणसाला पहिल्या दिवशी चाबकाच्या धाकावर जीव तोडून वेचायला लावायचं, रात्री वजन करायचं, आणि तो आकडा म्हणजे त्याचं कायमचं माप. पुढे कधी कमी भरला की फटके. एखाद्या दिवशी दहा-वीस पौंड जास्त भरला तर दुसऱ्या दिवसापासून माप तेवढं वर. म्हणजे जास्त वेचणं धोक्याचं आणि कमी वेचणंही. साधारण माप २०० पौंड होतं, म्हणजे सरकीसकट ९० किलोच्या आसपास. पॅट्सी ५०० पौंड वेचू शकत असे, असं नॉर्थप सांगतो. हे आकडे घेऊन विदर्भ-मराठवाड्यात कापूस वेचायला जाणाऱ्या कुणा बाईला विचारा, दिवसभरात किती किलो भरतो. ती काय म्हणते ते दुसऱ्या रकान्यात लिहा. वेचणीचा काटा तिच्याही ओळखीचा आहे, म्हणून फरक तिलाच नीट सांगता येईल.

सॉलोमनला झाडाला टांगून ठेवल्याचा लांबलचक प्रसंग येतो. पाय जेमतेम चिखलाला टेकलेले. तिथे त्याच्याकडे न बघता मागे बघा. बायका कामाला येतात-जातात, पोरं खेळत असतात. हा एक प्रसंग पुन्हा लावून फक्त मागची माणसं मोजा. ‘बाकीच्यांनी काहीच कसं केलं नाही’ हा चर्चेत हमखास येणारा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो.

एक गंमत. शेवटी मदतीला येणारा कॅनडाचा गोरा सुतार बास हा निर्मात्यांनी घुसडलेला तारणहार वाटतो, तो खरा होता. पुढच्या रविवारी याच्या बरोबर उलट होणार आहे.

दुसरा रविवार: ‘अमिस्टाड’ (१९९७), १५५ मिनिटं

१८३९. हवानाहून निघालेल्या जहाजावर ५३ आफ्रिकी बंदी उठाव करतात, जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याला लागतं, खटला उभा राहतो आणि मार्च १८४१ मध्ये सर्वोच्च न्यायालय त्यांना मोकळं करतं. चित्रपटातला मॉर्गन फ्रीमनने केलेला रुबाबदार कृष्णवर्णीय कार्यकर्ता जोडसन इतका खरा वाटतो की पुष्कळ जण त्याचं चरित्र शोधायला जातात. तो पूर्ण काल्पनिक आहे. म्हणून नियम: कोण खरं, कोण रचलेलं, हे अंदाजाने ठरवायचं नाही.

गोदीतला आकडे मोजण्याचा प्रसंग मात्र घडलेला. येल विद्यापीठाचे भाषातज्ज्ञ जोसाया गिब्स यांनी बंद्यांकडून मेंडे भाषेतले एक ते दहा आकडे शिकून घेतले आणि बंदराच्या धक्क्यांवर ते मोठ्याने म्हणत फिरले. ओळखून वळलेला माणूस जेम्स कोवी, ब्रिटिश नौदलाच्या जहाजावरचा खलाशी, स्वतः लहानपणी गुलाम-जहाजावरून सुटलेला. चित्रपटात हे काम वकील आणि जोडसन करतात. दुभाषा मिळेपर्यंत त्या बंद्यांच्या बाजूने सगळे बोलत होते, पण त्यांना स्वतःला बोलता येत नव्हतं.

इथे नवखा हमखास घसरतो. निकाल ऐकून वाटतं, न्यायालयाने गुलामगिरीच बेकायदा ठरवली. तसं काही झालं नाही. स्पेनने इंग्लंडशी केलेल्या करारानुसार आफ्रिकेतून माणसं आणणं बंद झालेलं होतं, म्हणून ही माणसं कायद्याने गुलाम नव्हतीच, एवढाच निकाल. याचा पुरावा तिसऱ्या रकान्यात जाईल: जहाजाच्या कप्तानाचा पोऱ्या आंतोनियो. तो आधीपासूनचा गुलाम, तेव्हा त्याच न्यायालयाने त्याला मालकाच्या वारसांकडे परत द्यायचा हुकूम दिला. गुलामीविरोधी लोकांनी त्याला कॅनडाला पळवलं.

जोडीला हवं तर ‘बेल’ (२०१३) बघा, आणि ‘झाँग’ जहाजासाठी बघा. १७८१ मध्ये या जहाजावरून सुमारे १३० माणसं जिवंत समुद्रात टाकली गेली, आणि १७८३ मध्ये लंडनमध्ये जो दावा चालला तो खुनाचा नव्हता, विम्याचा होता. न्यायाधीशाच्या घरात वाढलेल्या नायिकेने निकालावर प्रभाव टाकला हा भाग चित्रपटाच्या पदरचा आहे.

तिसरा रविवार: ‘ला उल्तिमा सेना’ (१९७६)

क्युबाचे तोमास गुतिएरेस आलेआ यांचा चित्रपट. मिळवायला खटपट करावी लागेल, पण यादीतला एकच वगळायचा झाला तर हा वगळू नका. अठराव्या शतकाची अखेर, हवानाजवळचा साखरेचा मळा. धार्मिक वृत्तीचा सरदार पवित्र आठवड्यात बारा गुलामांचे पाय धुतो, त्यांना आपल्या टेबलावर जेवायला बसवतो, सोसण्यातच सुख आहे असं समजावतो, आणि उद्या सुट्टी म्हणून सांगतो. दुसऱ्या दिवशी मुकादम कामाला जुंपतो. पुढचं बघाच. जेवणाचा प्रसंग फार लांब आहे आणि तसाच हवा. कोण मालकाच्या बोलण्यावर हसतं, कोण गप्प, कोण झोपतं, कोण घरी जाऊ द्या म्हणतं, अशी बारा जणांची यादी करा.

गुऱ्हाळ बघितलेल्या मराठी माणसाला इथे इतर कुणाहून जास्त दिसतं. तोडलेला ऊस ठेवला तर रस बिघडतो, म्हणून चरक थांबत नाही. हंगामात रात्रपाळ्या. एका रांगेत उतरत्या आकाराच्या काहिली, खाली चुलवाण, जाळायला चिपाडं. फरक एवढाच की इथे गुळव्याला मजुरी मिळते. चरकात हात ओढला गेला तर तोडायला शेजारी कोयता टांगून ठेवत, हे वेस्ट इंडिजच्या मळ्यांच्या वर्णनांत पुन्हा पुन्हा येतं. तिसऱ्या रकान्यासाठी प्रश्न: आफ्रिकेतून ३ लाख ८८ हजारच माणसं आणूनही अमेरिकेत १८६० पर्यंत गुलामीतली लोकसंख्या सुमारे ४० लाख झाली, आणि साखरेच्या बेटांवर कितीतरी जास्त आणूनही सतत नवीन आणावी लागत होती. उत्तर चुलवाणापाशी आहे. माणसं जन्मापेक्षा भराभर मरत होती.

चौथा रविवार: आफ्रिकेचा किनारा

दोनपैकी एक. इथिओपियाचे हैले गेरिमा यांचा ‘सांकोफा’ (१९९३) घानाच्या केप कोस्ट किल्ल्यात सुरू होतो. तिथे छायाचित्रं काढायला आलेली आजची मॉडेल भूतकाळात मळ्यावर जाऊन पडते. सेनेगलचे उस्मान सेम्बेन यांचा ‘सेद्दो’ (१९७७) जास्त कोरडा आणि जास्त शिकवणारा: गावात धर्माची आणि सत्तेची भांडणं चालू आहेत, आणि कडेला एक गोरा व्यापारी शांतपणे बंदुकांच्या बदल्यात माणसं घेतो. त्याला संवाद फारसे नाहीत. त्याच्याकडे काय येतं आणि काय जातं एवढंच टिपा.

आफ्रिकी राजांचा सहभाग हा विषय इथे निघतोच, आणि ‘त्यांनीच विकले’ असं म्हणून कुणीतरी हात झटकतं. उलट टोकाला ‘द वुमन किंग’ (२०२२) आहे: दाहोमीचा (आजच्या बेनिनमधलं राज्य) राजा गेझो त्यात गुलामांच्या व्यापाराकडे पाठ फिरवताना दिसतो, प्रत्यक्षात त्याच्या काळात तो व्यापार पुढे वर्षानुवर्षं चालला. दोन्हींवर उतारा म्हणून ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’वर दाहोमीचं उइदा बंदर निवडा आणि जहाजं कुणाच्या झेंड्याखाली होती ते रकाने बघा.

पाचवा रविवार: शेवट कसा झाला

इथे फार रेंगाळू नका. ‘लिंकन’ (२०१२) मध्ये अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या घटनादुरुस्तीवरचं ३१ जानेवारी १८६५ चं मतदान आहे आणि कनेक्टिकटचे दोन सदस्य विरोधात मत देताना दिसतात. खरं तर त्या राज्याच्या चारही सदस्यांनी बाजूने मत दिलं होतं. ‘ग्लोरी’ (१९८९) मधली कृष्णवर्णीय सैनिकांची ५४ वी मॅसॅच्युसेट्स पलटण बहुतांशी पळून आलेल्या गुलामांची वाटते, प्रत्यक्षात तीत उत्तरेतले जन्मतः स्वतंत्र लोक जास्त होते. दोन्ही चित्रपट चांगले आहेत. दोन्हींत न आलेली गोष्ट म्हणजे भरपाई. इंग्लंडने १८३३ च्या कायद्याने गुलामी संपवली तेव्हा २ कोटी पौंड दिले, ते मालकांना. सुटलेल्यांना एक पैसा नाही. लंडनच्या भरपाईच्या नोंदींत एखादं बेट निवडा आणि अर्धा तास फक्त नावं आणि रकमा वाचा. तो कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला तेव्हा लागूही नव्हता, हिंदुस्थानासाठी वेगळा कायदा १८४३ मध्ये झाला.

सहावा रविवार: आठवण आणि खोटी आठवण

दुपारी ‘डिसेंडंट’ (२०२२) हा माहितीपट. बंदीला पन्नासहून जास्त वर्षं झाल्यावर, १८६० मध्ये, ‘क्लोटिल्डा’ जहाजाने ११० माणसं अलाबामात चोरून आणली आणि पुरावा नको म्हणून जहाज जाळलं. सांगाडा २०१९ मध्ये नक्की झाला. त्या माणसांनी वसवलेल्या आफ्रिकाटाउनमध्ये त्यांचे वंशज आजही राहतात, आणि आसपासची बरीच जमीन जहाजमालकाच्या वंशजांकडे आहे. यात लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी १९२८ च्या सुमारास टिपलेली कजो लुइस यांची हलती चित्रं दिसतात. अटलांटिक त्या जहाजातून पार केलेला माणूस अंगणात उभा आहे आणि कॅमेऱ्याकडे बघतो आहे. काही सेकंदांचंच दृश्य आहे, पण ते थांबवून बघा.

त्याच आठवड्यात ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) किंवा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) मधला तासभर. इतिहास शिकायला नव्हे, खोटं कसं सांगितलं जातं ते शिकायला. म्हणून हे शेवटी. पहिल्याच दिवशी बघितले तर मळे फार सुंदर वाटतात. आता दोन सालांमधलं अंतर कामाला येईल, कारण चित्रपट गोष्टीच्या सालाइतकाच स्वतःच्या सालाबद्दलही सांगतो: १९१५ च्या चित्रपटात झुंडीने माणसं मारणारी क्लू क्लक्स क्लॅन नायक आहे, आणि विझलेली ही संघटना त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. हॅटी मॅकडॅनियल यांना १९३९ च्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं, त्या समारंभात त्यांना सहकाऱ्यांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं.

आपल्याकडे वळताना

चर्चेत ‘आपल्याकडे जात होतीच की’ हे वाक्य पहिल्या वीस मिनिटांत येतं. ते टाळू नका, पण लगेच बरोबरीचं चिन्हही घालू नका. १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना, म्हणजे ही तुलना मराठीत दीडशे वर्षं जुनी आहे. मागच्या पानावर दोन रकाने करा, एक तिकडचा, एक आपला, आणि ओळी अशा: विक्री, वारसा, लग्न, जमीन, पळून जायची जागा. काय जुळतं, काय नाही, ओळीने लिहा.

शब्दाचाही घोळ आहे. शाळेत आपण दिल्लीचं ‘गुलाम घराणं’ शिकलो. अल्तमश एके काळी विकला गेलेला गुलाम, पुढे सुलतान. मलिक अंबर सोळाव्या शतकात इथिओपियातून विकला जात अहमदनगरच्या निजामशाहीत आला आणि १६२६ मध्ये मेला तेव्हा त्या राज्याचा सर्वेसर्वा होता. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, त्याने वसवलं. लुइझियानाच्या कापसात राबणाऱ्यापुढे असली वाट नव्हती. पण म्हणून ‘आपल्याकडची गुलामी सौम्य’ असं ठरवलं तर पुन्हा सुटलेल्याचीच गोष्ट धरून बसल्यासारखं होईल. सिंहासनाजवळ पोचले ते बोटांवर मोजण्याइतके. ‘रझिया सुल्तान’ (१९८३) मधला हबशी याकूत धर्मेंद्रच्या तोंडाला काळं फासून उभा केला आहे, तेवढी एक गोष्ट पहिल्या रकान्यात पुरे. मोझांबिकहून पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेल्या माणसांचे वंशज आज उत्तर कन्नडमध्ये कोकणी बोलतात. तो प्रवास भिंतीवरच्या नकाशात मावत नाही, हिंदी महासागराचा दुसरा कागद चिकटवावा लागेल.

आणि पेशवाईवरचा पुढचा चित्रपट किंवा मालिका लागेल तेव्हा वही जवळ ठेवा. दप्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. वाड्यातल्या प्रसंगात तबक ठेवून मागच्या मागे निघून जाणारी बाई दिसली की वेळ टिपा आणि तिसऱ्या रकान्यात लिहा: हिला पगार होता, की हिची किंमत?